डायसनने सोडून दिलेला प्रश्न

१९९१च्या जुलैत जेम्स कॅमेरॉनचा ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ हा भारतीय बनावटीचा महासंगणक उभा केला. नव्वदच्या दशकात पुण्यात वाढलेल्या आम्हा मुलांच्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एकीकडे जग संपवणारं यंत्र, दुसरीकडे आपल्या गावाचा अभिमान असलेलं यंत्र.

तेव्हा केबलवर तो सिनेमा पाहताना डोळे खिळायचे ते टी-१०००वर. पाऱ्यासारखा वितळून पुन्हा उभा राहणारा, गजांमधून आरपार जाणारा तो मारेकरी! पहिल्या भागात, म्हणजे १९८४ साली, जीव घ्यायला आलेला श्वार्झनेगर दुसऱ्या भागात रक्षक होऊन येतो, याचंही केवढं अप्रूप होतं. संगणकावर घडवलेली त्या पाऱ्याची दृश्यं अख्ख्या सिनेमात काही मिनिटांचीच आहेत, हे पुढे कळलं.

आता चाळिशीत तोच सिनेमा पाहिला आणि मन अडकलं ते माइल्स डायसनमध्ये. हा सायबरडाइन कंपनीतला अभियंता. सुट्टीच्या दिवशीही घरी कामात बुडालेला, मुलांना फिरायला न्यायचंय याची आठवण बायकोला करून द्यावी लागते असा. अशी घरं बाणेर-औंधला इमारतीगणिक सापडतील. रात्री तो संगणकासमोर बसलेला असताना मुलाची रिमोटची गाडी पायाला धडकते. तो खाली वाकतो आणि भविष्यातला विनाश टाळण्यासाठी त्याला मारायला आलेल्या सारा कॉनरने झाडलेली गोळी चुकते. ज्याच्या हातून पुढे कोट्यवधी माणसं मरणार आहेत तो पोराच्या खेळण्यामुळे वाचतो. कॅमेरॉनने त्याला खलनायक केलेलं नाही, आणि सिनेमाचं खरं वजन तिथेच आहे.

डायसनचं सगळं संशोधन एका फुटक्या चिपवर उभं आहे. ती भविष्यातून आलेल्या पहिल्या टर्मिनेटरची, हे त्याला ठाऊक नाही. चिप कुठून मिळाली, हे त्याने कंपनीत एकदा विचारलेलं असतं. विचारू नकोस, असं उत्तर मिळतं आणि तो कामाला लागतो. माझ्या लेखी सिनेमातला सर्वांत भीषण क्षण हा आहे. स्कायनेट हे माणसांवर उलटणारं यंत्र जागं होतं ते पुढे. त्याचा पाया मात्र एका हुशार, सज्जन माणसाने प्रश्न सोडून दिला तेव्हाच घातला गेला.

परमची जन्मकथा याच्या उलट आहे. अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक द्यायला नकार दिला आणि १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झालं. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर समांतर जोडून हे यंत्र बांधलं गेलं. सुटे भाग बाहेरचे होते, पण जोडणी कशी चालते हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. आयतं न मिळाल्यामुळे प्रत्येक पायरी समजून घ्यावीच लागली.

आज हिंजवडी-खराडीत बसून आपली मुलं शिकणारी यंत्रं घडवताहेत. कर्ज मंजूर करणारी, अर्ज चाळणारी, चेहरा ओळखणारी. हा डेटा कुणाचा, कुणाला विचारून घेतला, यंत्र चुकलं तर भरपाई कोण देणार, हे प्रश्न कामाचाच भाग आहेत. ते विधी विभागावर सोपवून मोकळं होणं म्हणजे डायसनच्या वाटेने जाणं. एकट्या कर्मचाऱ्याला असा प्रश्न विचारणं महागात पडू शकतं, म्हणून तो विचारायची सवय महाविद्यालयापासून लागायला हवी आणि विचारणाऱ्याच्या पाठीशी सहकाऱ्यांनी उभं राहायला हवं.

सत्य कळल्यावर डायसन स्वतःचं आयुष्यभराचं काम उद्ध्वस्त करायला निघतो आणि त्यात प्राण देतो. लहानपणी ते हौतात्म्य वाटलं होतं. आज वाटतं, ही किंमत अटळ नव्हती. ‘कुठून आलं?’ या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्याने हात आखडता घेतला असता, तर त्याला घर सोडून मरायला जावं लागलं नसतं. पुण्याच्या अभियंत्यांकडून मला एवढंच धैर्य हवं आहे: काम सुरू करण्याआधी विचारण्याचं.