अनसूयेच्या घरचा राग



पाळणा म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. अत्रिऋषींच्या घरी दत्तमहाराज एकटे नव्हते. सोम आणि दुर्वास हे त्यांचे भाऊ. म्हणजे ज्या घरात दत्त, त्याच घरात मूर्तिमंत संताप! अनसूयामातेने दोघांनाही आपलंच म्हटलं.

तरुणपणी मीही दुर्वासच होतो. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलेलं आहे. पण तासाभराने तोच मी म्हणायचो, "चहा टाक गं." कापरासारखा राग, भडकला नि संपला. आता सत्तरी उलटली. घरचे म्हणतात, "बाबा फार निवळले." वय वाढतं तसं माणसाचं चिडणं साधारणपणे कमी होतं, असं मानसशास्त्रवालेही सांगतात. ऐकून बरं वाटायचं.

गेल्या वर्षी जयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्र वाचायला बसलो आणि मनात धाकटा भाऊ आला. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद, त्याला ११ वर्षं झाली. मी त्याला कधी वावगा शब्द बोललो नाही हो! फक्त त्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकून न जेवता परतलो. त्याच्या मुलाला चांगली नोकरी लागल्याचं कळलं, तेव्हा म्हणालो, "टिकली तर खरं." तेही हळू आवाजात.

या रागाला आवाज नसतो, म्हणून तो गेला असं वाटतं. शास्त्रात त्याला नाव आहे, असूया. दुसऱ्याच्या चांगल्यातही खोट काढणं. ती जिच्या ठायी नाही, ती अनसूया. महाराजांनी जन्माला घर निवडलं ते तिचं. आणि मी तिचाच पाळणा म्हणत होतो!

दुर्वासांचं तरी बरं. अंबरीष राजावर ते विनाकारण कोपले, सुदर्शन मागे लागलं, तिन्ही लोक पालथे घातले. शेवटी भगवंतांनी सांगितलं, ज्याला दुखावलंस त्याच्याकडेच जा. गेले बिचारे, राजाचे पाय धरले. राजा वर्षभर त्यांच्यासाठी जेवायचा थांबला होता. माझा राग मात्र जागचा हलायला तयार नाही.

चौथ्या दिवशी वाचन झाल्यावर फोन लावला. भावजयीने उचलला. "दादा, तुम्ही?" म्हणाली आणि गप्प झाली. मलाही काही सुचेना. म्हटलं, "पौर्णिमेला पाळण्याला या दोघं. जेवायलाच या."

भाऊ आला नाही. भावजय आली, जेवली, आणि निघताना त्याच्यासाठी सुंठवडा पदरात बांधून घेऊन गेली. यंदा पुन्हा बोलावलं आहे.