ज्याची जमीन, त्याचे पाणी

शेतीसाठी किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घेण्यावर महाराष्ट्रात कायद्याने बंधन आहे. विधिमंडळाने 2009 मध्ये संमत केलेला भूजल अधिनियम 2014 पासून लागू झाला, त्यात हे लिहिलेले आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात पारावर बसलेल्या माणसांना ही माहिती देऊन पाहावी. बहुतेकांना हसू येईल. ‘कितीवर लागलं?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे पाचशे, सातशे फूट असे येते आणि ते कुणी दबक्या आवाजात देत नाही. कायदा मोडल्याची भावनाच कुणाच्या मनात नसते. आपल्या रानात, आपल्या पैशाने, प्रसंगी कर्ज काढून भोक पाडले. त्यात दुसऱ्याचा संबंध येतोच कुठे?

व्यक्तिवाद वाढला, लोक हक्कांपुरते बोलतात, जबाबदारीचे नाव काढले की तोंड फिरवतात, अशी तक्रार हल्ली सगळीकडे ऐकू येते. पुरावा म्हणून मोबाइलमध्ये डोके घातलेली तरुण मुले नाहीतर बंद दारांचे फ्लॅट पुढे केले जातात. पण ‘माझे ते माझे, तुला विचारायचे कारण नाही’ ही वृत्ती किती खोल गेली आहे ते पाहायचे असेल, तर महाराष्ट्राच्या जमिनीखाली पाहावे. तिथे ती अक्षरशः फुटांत मोजता येते.

या वृत्तीला कायद्याचा आधार जुना आहे. इंग्रजांनी 1882 मध्ये सुविधाधिकार कायदा केला. त्यानुसार आपल्या जमिनीखालचे, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मिळाला. जमिनीखाली काय चालते याची त्या काळी कुणाला फारशी कल्पना नव्हती आणि मोटेने उपसून उपसून माणूस उपसणार तरी किती? केरळमधल्या प्लाचिमडा गावी शीतपेयांच्या कारखान्याने चालवलेल्या उपशावरून खटला झाला, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. 2003 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही जनतेची ठेव मानली, तर 2005 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने जमीनमालकाच्या बाजूने कौल दिला. एकाच इमारतीतून दोन वर्षांत दोन उत्तरे आली.

महाराष्ट्राचा भूगोल मात्र या मालकीहक्काला अजिबात जुमानत नाही. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली काळा बेसाल्ट आहे. या खडकाला स्वतःची पोकळी फारशी नसते. पाणी साठते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. तो साठा मुळात थोडा आणि तोही गटांच्या हद्दी न पाहता पसरलेला. शेजाऱ्याने दीडशे फूट खोल जाऊन तीच भेग गाठली की अलीकडची पन्नास फुटी विहीर कोरडी पडते. सातबारा वेगळे असले तरी भेग एकच असते. आणि सहाशे फुटांवर लागलेले पाणी एकदा उपसले की एका पावसाळ्यात परत भरेलच असे नाही.

बोअरच्या आधी काय होते? धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतके ‘फड’ पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या रानाचे तीन-चार फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. ऊस यंदा एका फडात असला तर पुढे दुसऱ्यात. कुणी शेतकऱ्याने स्वतः उठून पाटाला बारे पाडायचे नाही. पाणी द्यायला पाटकरी असे, राखणीला जागल्या असे. पाणी कमी पडले तर सगळ्यांचेच क्षेत्र कमी व्हायचे. विहिरींचेही तसेच होते. भावाभावांत वाटणी झाली की विहिरीतले हिस्से आण्यांत ठरायचे, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्यांची नोंद व्हायची आणि मोटेच्या, पुढे इंजिनाच्या पाळ्या लागायच्या. पाळी चुकवली म्हणून डोकी फुटलेली आहेत. म्हणजे ही माणसे काही संत नव्हती. फरक एवढाच की कुणी किती घेतले ते सगळ्यांना दिसत होते आणि जाब विचारायला बांधावर कुणीतरी उभे होते.

इथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. ज्या गावपणाची आठवण काढून उसासे टाकले जातात, त्याच गावपणाने काही माणसांना पाणवठ्याला हातही लावू दिला नव्हता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तो परक्या सरकारविरुद्ध नव्हे, तर गावाविरुद्ध. तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झाला होता. अडसर होता तो समाजाचा. तेव्हा व्यक्तीने उठून ‘हा माझा हक्क आहे’ म्हणणे हा समाजाचा ऱ्हास नव्हे. या भूमीवर ती बरीच उशिरा आलेली शहाणीव होती. गोची पुढे झाली. हक्क व्यक्तीला मिळाला, पण ज्याच्याकडे जमीन होती त्यालाच मिळाला, आणि त्याच्यासोबत कुठलाही हिशेब आला नाही.

याला अपवाद घडवला तो पुण्याच्या एका कारखानदाराने. 1972 च्या दुष्काळाने हादरलेले अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावी गेले. देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली आणि 1974 पासून पाणी अडवण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचे नियम आजही वाचताना दचकायला होते. पाणी जमिनीच्या नव्हे, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. आणि ऊस बंद. हक्क व्यक्तीचाच, गावगाड्याचा नव्हे, पण तो बजावायचा सगळ्यांच्या देखत. साळुंखे 2002 मध्ये गेले. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांचे नियम मात्र राज्याने कधी आपले म्हटले नाहीत.

राज्य वेगळ्याच वाटेने गेले. गंमत अशी की बोअर हे यंत्र या महाराष्ट्रात खेडोपाडी पोचले ते सार्वजनिक सोय म्हणून. पिण्याच्या पाण्यासाठी हातपंप बसवले गेले. जालना आणि सोलापूर इथे मिशनऱ्यांच्या धडपडीतून टिकाऊ पंप घडले आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा जगभर गेलेला हातपंप तयार झाला. त्या पंपापाशी रांग लागे, भांडणे होत, दांडा तुटला तर सगळ्या आळीला कळे. नंतर तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून बोअरच्या गाड्या उन्हाळ्यात गावोगाव फिरू लागल्या, सबमर्सिबल मोटर स्वस्त झाली आणि रांग संपली. नळी जमिनीत गेली, मोटर नळीत गेली. आता कोण किती उपसतो हे शेजाऱ्याला सोडाच, खुद्द मालकालाही कळत नाही.

राहिलेले काम विजेने केले. शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी आली, म्हणजे मोटर चार तास चालो की आठ, बिल तेच. 2004 च्या निवडणुकीच्या तोंडावर मोफत विजेची घोषणा झाली आणि निवडणुकीनंतर वर्षभरात ती मागे घेतली गेली. 2024 मध्ये पुन्हा निवडणुकीच्या वर्षात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देणारी योजना आली. त्यात वीज येते ती बहुधा रात्री-अपरात्री. म्हणून शेतकऱ्याने स्टार्टरला ऑटो स्विच लावला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. पाणी पिकाला पुरे झाले का, बांधावरून वाहून चालले का, हे पाहायला तिथे कुणीच नसते. विजेची वेळ ठरवणारे कार्यालय दूर, दर ठरवणारे मंत्रालय त्याहून दूर, मालक घरी झोपलेला. या उपशाला जबाबदार कोण, हे शोधायला निघालेला माणूस एका प्लॅस्टिकच्या डबीपाशी येऊन थांबतो.

शेतकऱ्याला हावरट ठरवून मोकळे होणे मात्र फार सोपे आहे, आणि खोटेही. कॅनॉलचे पाणी त्याच्यापर्यंत येत नाही, पाऊस लहरी, मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळते आहे. पाणाड्या नारळ फिरवून जागा दाखवतो. पहिला बोअर फेल, दुसरा फेल, तिसऱ्यासाठी सोने गहाण. शेजाऱ्याने खोल नेला म्हणून यालाही न्यावा लागतो. तो एकटा थांबला तर त्याचे वाचलेले पाणी दुसराच ओढून नेणार हे त्याला पक्के ठाऊक असते. इतरही थांबतील ही खात्री नसताना जबाबदारीने वागणाऱ्याला गावात भोळा म्हणतात.

ती खात्री द्यायचे काम ज्यांचे, त्यांनी टँकर दिला. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. गाडीला ‘जलदूत’ नाव मिळाले, स्वागताला गर्दी झाली. ज्या जिल्ह्याला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते, त्याच जिल्ह्यात त्या हंगामात उसाचे गाळपही झाले होते. राज्याच्या पीकक्षेत्रात चार टक्क्यांहून कमी असलेला ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो, हे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने त्याच सुमारास नोंदवले होते. नोंदवून ठेवण्यापलीकडे त्याचे काही झाले नाही. टँकर आणणारा पुढारी गावाला दिसतो. ऊस कमी करा म्हणणारा पुढारी दिसणारच नाही, कारण तो निवडून येणार नाही.

शहराने यावर नाक मुरडू नये. पुणे महापालिकेत 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावे आली. त्याआधीपासूनच तिथे बारा-चौदा मजली इमारती उठत होत्या. महापालिकेचे पाणी येईपर्यंत आपण पाणी पुरवू, असे हमीपत्र बिल्डर देतो. मग सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो आणि टँकरचे बिल मेंटेनन्समध्ये मिसळते. पावसाचे पाणी मुरवण्याचा खड्डा भोगवटा प्रमाणपत्रापुरता उघडा असतो, नंतर त्यावर पार्किंगची फरशी बसते. टँकर जिथून भरतो ती विहीर जवळच्याच कुठल्यातरी गावात असते. त्या गावच्या बायकांना किती लांब जावे लागते, हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत निघत नाही. तिथे तावातावाने निघतो तो आपल्या विंगला कमी दाबाने पाणी येते हा विषय.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण इतके वापरले गेले आहे की वाचक पान उलटेल, पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पोपटराव पवारांच्या त्या गावात चर खोदले, झाडे लावली हे सगळ्यांना माहीत असते, आणि तेवढेच इतर गावे उचलतात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि पावसाळा संपल्यावर मोजलेल्या पाण्यावरून रब्बीला काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवायचे, हा अर्धा भाग मागे राहतो. पाणी वाढवायला सरकारी निधी मिळतो, फोटो मिळतात. वापर कमी करायला फक्त शेजाऱ्याचा रोष मिळतो.

केंद्राच्या अटल भूजल योजनेतून 2019 नंतर महाराष्ट्रातल्याही निवडक गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला. पाऊस किती, मुरला किती, उपसा किती, तूट किती. तूट कुणाच्या वाट्याची, हा रकाना मात्र त्यात नाही. बोअरची आणि बोअर मारणाऱ्या गाड्यांची नोंदणी 2009 च्या कायद्यात सांगितलेली आहे. तेवढी जरी नेटाने झाली, तरी विहिरीतल्या दोन आण्यांच्या हिश्श्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या माणसाला शेजारच्या सातशे फुटी बोअरबद्दल विचारायला कागदाचा आधार मिळेल. रब्बीची पेरणी ऑक्टोबरात ठरते. ताळेबंद वाचायची ग्रामसभा त्याआधी घ्यावी लागते, आणि तिथे सर्वांत मोठ्या पंपाच्या मालकाला बोलावणे ही सरपंचाच्या पुढच्या निवडणुकीचीही परीक्षा असते, कारण बहुतेक गावांत तो मालक एक तर सरपंचाचा पाठीराखा असतो, नाहीतर स्वतः सरपंच.