दुसऱ्याच्या बाणाचा माग

ऑक्टोबरची संध्याकाळ, विस्कॉन्सिनचं जंगल. याच राज्यात १९३४ साली अमेरिकेतला धनुष्यबाणाच्या शिकारीचा पहिला स्वतंत्र हंगाम भरला होता. मचाणावर बसलेल्या एकाचा बाण पांढऱ्या शेपटीच्या हरणाला लागतो. हरीण उसळतं आणि झाडीत दिसेनासं होतं. तो मित्राला फोन करतो. मित्र विजेरी घेऊन येतो आणि पहिलं विचारतो, ‘बाण सापडला का?’

बाण मारतो तो रक्तस्रावाने. फुफ्फुसं भेदली गेली तरी हरीण शंभर मीटर सहज धावतं. म्हणून आधी बाणावरचं रक्त पाहायचं. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, गडद असेल तर यकृत, हिरवट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर पोट. पहिल्या जखमेला अर्धा तास थांबतात, दुसरीला चार ते सहा तास, तिसरीला आठ ते बारा. कारण पाठलाग झाला नाही तर जखमी हरीण जवळच कुठेतरी बसतं. घाई करून त्याला उठवलं तर ते दूर निघून जातं, रक्ताचे ठिपके विरळ होत संपतात, आणि मरण लांबतं.

एक जीव तडफडतो आहे हे ठाऊक असताना झाडाखाली बसून राहायचं! दया म्हणते धाव, अनुभव म्हणतो थांब. ज्याने बाण सोडला त्याला हे जमणं फार कठीण, कारण नेम चांगलाच लागला असं त्याचं मन त्याला सांगत असतं. मदतीला आलेल्याचं पहिलं काम त्याला धरून ठेवण्याचं असतं.

महाभारताच्या आदिपर्वात परीक्षित राजाच्या हातून असंच एक हरीण निसटतं. त्याच्या बाणाने विद्ध झालेलं हरीण तोवर कधी जिवंत सुटलं नव्हतं. तहानलेला, थकलेला राजा एकटाच शमीक ऋषींना विचारतो, हरीण पाहिलंत का? ऋषी मौनात. राजा मेलेला साप त्यांच्या खांद्यावर टाकतो. मग ऋषींच्या मुलाचा, शृंगीचा शाप: सात दिवसांत तक्षक नागाच्या दंशाने मरण. कीर्तनात ही कथा राजाच्या उद्धटपणाची होते, आणि बाण घेऊन पळालेलं हरीण मागे राहतं. खरं तर सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

हरीण जिवंत सापडलं तर? १९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरण देवविलं. मारणं ही अहिंसा कशी, म्हणून अनेकजण संतापले. पण त्या वासराची वेदना गांधीजींनी दिलेली नव्हती. शिकाऱ्याला तो आधार घेता येत नाही. शेवटचा बाण सोडताना तो दया करत नसतो, स्वतःचं देणं फेडत असतो. मित्राचं मात्र काहीच देणं नाही. जर्मनीचा शिकार कायदा जखमी प्राण्याला टाळता येण्याजोग्या वेदनेतून सोडवायला सांगतो, पण तो शिकाऱ्याला. मित्राला रात्री दोन वाजता ओल्या पाचोळ्यात गुडघ्यांवर रांगायला कोणता कायदा लावतो? शिकार मुळातच अमान्य असलेल्या माणसालाही हा प्रश्न चुकवता येऊ नये. बाण सुटायला नको होता, हे म्हणणं खरं असलं तरी झाडीत बसलेल्या हरणाला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून दोघं रांगतात. रक्ताचा शेवटचा ठिपका दिसला तिथे फांदीला पांढरा कागद अडकवायचा, पुढचा सापडेपर्यंत तिथून हलायचं नाही. मागे वळून पाहिलं की कागदांची रांग हरणाची दिशा सांगते. ठिपके संपले तर वर्तुळं मोठी करत शोधायचं, पाण्याकडे जायचं, किंवा दोरी लावलेला माग काढणारा कुत्रा आणवायचा.

हरीण सापडतं तेव्हा बाण सोडणारा त्याच्याजवळ बसतो. दुसरा आल्या वाटेने परत फिरतो आणि फांद्यांवरचे कागद एकेक काढून खिशात घालतो.