दुःखाची बातमी सांगताना



१० सप्टेंबर हा दिवस जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. हा विषय चर्चमध्ये कशाला, असे काहींना वाटेल. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ जण महाराष्ट्रातले होते. कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. त्यांच्या बातम्या आपण कल्याण लोकलमध्ये वाचतो, घरी टीव्हीवर पाहतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढे पाठवतो. म्हणून आज आपण एकाच प्रश्नावर चिंतन करू या : अशी बातमी कशी सांगावी आणि कशी ऐकावी?

ईयोबाचे तीन मित्र आपल्याला ठाऊक आहेत. त्याचे दुःख पाहून ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्यावर हे का ओढवले याची कारणे सांगू लागले. शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो या कारणे सांगणाऱ्यांवर.

आपल्या बातम्यांतही हेच घडते. ‘गुण कमी पडले म्हणून’, ‘आई रागावली म्हणून’ असा एका ओळीत निकाल लावला जातो. निमित्त वेगळे आणि कारण वेगळे. गुणपत्रिका हे निमित्त असेल. पण त्यामागे नैराश्य, एकटेपणा, न झालेले उपचार, घरातला ताण असे अनेक धागे गुंतलेले असतात. निमित्तालाच कारण म्हणून छापले की दोघांवर अन्याय होतो. एक ती आई, जिला तो मथळा जन्मभर वाहावा लागतो. दुसरा तो अनोळखी मुलगा, ज्याला तेवढेच गुण मिळालेले असतात आणि बातमी वाचून ज्याला वाटते की आता आपल्यालाही हीच वाट.

ही भीती पोकळ नाही. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेवरील आत्महत्यांची वर्णने वृत्तपत्रे ठळकपणे छापत असत. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी पत्रकारांना मार्गदर्शक सूचना दिल्या आणि वृत्तपत्रांनी त्या पाळल्या. त्या वर्षाच्या पूर्वार्धाच्या तुलनेत उत्तरार्धात अशा घटना ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. आपण कल्याणकर रेल्वेच्या गावचे लोक. ही गोष्ट आपल्या मनाला भिडावी. पुढे तिथल्याच संशोधकांनी असेही दाखवले की संकटातून सावरलेल्या माणसाची हकीगत छापली, तर तिचा वाचकांना आधार होऊ शकतो.

आपल्याकडेही नियम आहेत. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले की अशी बातमी भडक मथळ्याने देऊ नये, पद्धत व जागा यांचे वर्णन करू नये, छायाचित्र वापरू नये. तरीही १४ जून २०२० रोजी मुंबईत अभिनेते सुशांत सिंह राजपूत यांचा मृत्यू झाला, तेव्हा महिनोन्‌महिने काय चालले ते आपण पाहिले. पार्थिवाची छायाचित्रे मोबाइलवरून फिरू लागली आणि ती पसरवू नका असे महाराष्ट्र सायबर विभागाला बजावावे लागले. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या समांतर खटल्याला चाप लावला आणि प्रेस कौन्सिलच्या सूचना त्यांनाही लागू केल्या. पण ती छायाचित्रे पुढे पाठवणारे बोट वाहिनीचे नव्हते. आपल्यासारख्यांचेच होते.

मग सत्य लपवायचे काय? नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आहेच. परंतु ख्रिस्तसभा हेही शिकवते की प्रत्येक सत्यावर प्रत्येकाचा हक्क नसतो. दुसऱ्याचे हित, सुरक्षितता आणि खासगीपणा यांचाही विचार करावा लागतो. शेजारी वारला हे कळणे पुरेसे आहे. कसा, कुठे, कशाने हे जाणून आपण काय करणार?

न्याय करणेही आपले काम नाही. १९१७ च्या धर्मकायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. जीवन ही देवाची देणगी आहे, ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही शिकवण कायम आहे. पण तीव्र मानसिक यातनांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असेही ख्रिस्तसभा सांगते. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

म्हणून आपल्या धर्मग्रामात एवढे करू या. छायाचित्र आले तर पुसून टाकू या. त्या घरी चौकशीला न जाता जेवणाचा डबा घेऊन जाऊ या, आणि ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवू या. कुणी ‘जगावेसे वाटत नाही’ म्हणाले तर उपदेश न करता शांतपणे ऐकू या, स्पष्ट विचारू या, त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे सोबत जावे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते.

एलीया संदेष्ट्यानेही रानात झुडपाखाली बसून मरण मागितले होते. देवाचा दूत त्याच्यावर रागावला नाही. त्याने त्याला भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा येऊन उठवले. त्या मित्रांचे मौन आणि त्या दूताची भाकर आपल्या हाती यावी, अशी प्रभूचरणी प्रार्थना करू या. आमेन.