सीमा राखणारा कोण?

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि महाडच्या पुढे तिच्या खाडीत रासायनिक कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मिसळते. अशा सांडपाण्यावरच्या प्रक्रियेत बरेचसे काम जीवाणू करतात. ज्या द्रव्यांनी पेशी विरघळावी, त्यांच्यातच ते जगतात. टोल्युइनसारखे द्रावक जीवाणूच्या पटलात शिरून ते सैल करते. मग आतले क्षार गळू लागतात आणि पेशी मरते. तरीही टोल्युइनच्या भरपूर मात्रेत वाढणारा स्यूडोमोनास हा जीवाणू 1989 साली जपानमध्ये इनोऊए आणि होरिकोशी यांनी दाखवून दिला. त्याच्या जातभाईंचा पुढे कसून अभ्यास झाला. विष जाणवताच हे जीवाणू पटलातल्या मेदाम्लांच्या वाकड्या साखळ्या सरळ करतात, म्हणजे त्या दाटीने बसतात आणि पटल घट्ट होते. शिवाय आत आलेले द्रावक पंपांनी बाहेर फेकतात. इ. कोलाय या दुसऱ्या जीवाणूमध्ये पटलातच बसलेले एक प्रथिन बिघाड हेरते, आतल्या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट देते आणि ते दुसरे प्रथिन दुरुस्तीची जनुके चालू करते. या साखळीत मेंदू नाही, मालक नाही, निर्णय घेणारे एकही ठिकाण नाही. मग आत आणि बाहेर हा भेद राखतो कोण?

माझे उत्तर असे: राखणे हाच तो 'कोण'. आधी एक स्वत्व असते आणि मग ते आपले कुंपण सांभाळते, असे इथे घडत नाही. सांभाळण्याची क्रिया चालू असते तोवरच स्वत्व असते. शिवाय पटल टिकते ते बदलून. जसेच्या तसे राहण्याचा हट्ट धरणारी पेशी सर्वांत आधी मरते. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत राहिलेल्या भिक्षूंच्या परंपरेने अचल आत्मा नाकारला, तो अशाच विचाराने. यावर कोणी म्हणेल, तापमान राखणारे यंत्रही हेच करते, त्यालाही स्वत्व द्यायचे का? नाही. यंत्र चुकले तर खोली तापते, यंत्राला काही होत नाही. जीवाणू चुकला तर चुकणाराच उरत नाही, आणि ज्या भागांनी तो स्वतःला राखतो ते भागही त्यानेच घडवलेले असतात. त्याला सुखदुःख आहे असा माझा दावा नाही. पण त्याच्यासाठी काही हिताचे आणि काही घातक आहे, एवढे मान्य करावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि महाडमध्ये तर तो टाळताच येत नाही. सीमा राखणे हाच जीवनाचा धर्म असेल, तर सोवळ्याओवळ्यालाही निसर्गाचा आधार मिळतो, असे कोणी म्हणेल. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याचे 108 घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. जीवाणूच्या पटलाशी याची तुलना टिकत नाही. ते पटल पाण्याला आणि अन्नाला वाट देते, अडवते ते खरोखर विरघळवणाऱ्या द्रव्याला. तळ्यावरच्या माणसांनी कोणाचेही काही विरघळवले नव्हते. आणि त्या सीमेला निसर्गसिद्ध म्हणावे, तर अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची परंपरा अनादी असल्याचे मुंबई उच्च न्यायालयात सिद्धच झाले नाही. 1937 साली तळ्याच्या खटल्याचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला, तो त्याच मुद्द्यावर.