ही मेंढरे कुणाची?



उपवासकाळ सुरू झाला की चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांग लागते. आपल्यातली गोव्याकडून आलेली जुनी कुटुंबे त्याला अजून 'कुमसार' म्हणतात. रांग पाहून मला आनंद होतो. पण एक प्रश्नही मनात येतो. वर्षानुवर्षे आपण नेमाने येतो, क्षमा मिळते, मन हलके होते, तरी घरातल्या काही गोष्टी जिथल्या तिथेच का राहतात?

आपला मराठी शब्द आहे पश्चात्ताप. पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे पोळणे. जुन्या करारातले संदेष्टे लोकांना हाक मारतात तेव्हा त्यांचा हिब्रू शब्द 'शूव' हा असतो, आणि त्याचा साधा अर्थ आहे परत फिरणे. त्यात पाय उचलावे लागतात. उधळ्या पुत्राला डुकरांपाशी बसून वाईट वाटले असेलच. पण तो उठला आणि बापाच्या घराकडे चालू लागला, हे शुभवर्तमान आवर्जून सांगते.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय घरी काढून वाचा. शौल राजाला आज्ञा होती की शत्रूच्या लुटीतले काहीही ठेवायचे नाही. (त्या युद्धाची हकिकत आज वाचताना अंगावर काटा येतो. त्याविषयी पुन्हा कधीतरी बोलू.) शौलाने टाकाऊ ते सगळे नष्ट केले आणि चांगली चांगली मेंढरे, गुरे ठेवून घेतली. शमुवेल आला तेव्हा शौल हसतमुखाने पुढे झाला आणि आज्ञा पाळल्याचे सांगू लागला. शमुवेलाने एवढेच विचारले की, मग माझ्या कानांवर येतो तो मेंढरांचा आवाज कसला? शौलाचे उत्तर तयार होते. लोकांनी ठेवली आहेत, आणि तीही देवाला अर्पण करण्यासाठीच! शेवटी त्याने पाप कबूल केले, पण त्याच दमात विनंती केली की वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा. पाप कबूल झाले, मेंढरे मात्र गोठ्यातच होती.

तुम्ही म्हणाल, फादर, ती जुन्या करारातली माणसे. आपला तर बाप्तिस्मा झाला आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेऊ. त्या कॅथलिक नव्हत्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन मंडळीत. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. असे काम करणाऱ्या बाईला आणखी कसले परिवर्तन हवे, असे कुणालाही वाटेल. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण स्वतः ख्रिस्त सापडलेला नाही. विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले होते. हा हॅसलम अनेक वर्षे धर्मगुरू म्हणून काम करत होता, आणि 1851 साली एका रविवारी स्वतःच प्रवचन देता देता त्याचे मन पालटले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली शेकडो मुली रडत पापे कबूल करू लागल्या, त्याच्या कितीतरी आधी त्यांची बाई स्वतः देवापुढे पापी म्हणून उभी राहिली होती.

हॅसलमची गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले होते. पुढे माझ्यावरच ती पाळी आली.

आमची आजरा तालुक्यात थोडी शेती. आईवडील दोघेही मृत्युपत्र न करता गेले. मागे आम्ही तिघे: दादा, ताई आणि मी धाकटा. 1998 साली दादाने ताईला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले. "तिचे लग्न केले, दागिने घातले, आता आणखी काय?" ताई सकाळच्या एसटीने आली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत निमूटपणे सही केली. हक्क घेणारा म्हणून मीही सही केली. मी तेव्हा धर्मगुरू होऊन चार वर्षे झाली होती. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "दरवर्षी थोडा घनसाळ पाठवाल ना रे? आईच्या शेतातला?" आम्ही हो म्हणालो. दोन वर्षे तांदूळ गेला. पुढे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

या काळात मी रोज मिस्साबलिदान अर्पण केले, नेमाने पापनिवेदन केले. प्रार्थनेत मन लागत नाही, राग येतो, आळस होतो, सगळे सांगितले. ते शेत कधी तोंडावर आले नाही, कारण ते पाप आहे असे मला वाटलेच नव्हते. सगळीकडे असेच करतात. ताईने तर स्वखुशीने सही केली होती!

2010 च्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळच्या मिस्सात शौलाचे हेच वाचन आले. समोर सात-आठ माणसे. मी उत्साहाने विचारले, "तुमच्या गोठ्यात कुणाची मेंढरे ओरडताहेत?" आणि पुढचे वाक्य मला सुचेना. लोकांना वाटले फादरांना बरे नाही. मी तसेच मिस्सा पूर्ण केले.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद 1459) याविषयी स्पष्ट बोलतो. पापक्षमेने पाप जाते, पण पापामुळे झालेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करायचे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळायचे, नुकसान भरून द्यायचे, जेवढे शक्य असेल तेवढे. आणि आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला 1925 चा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी यांत भेद करत नाही. मृत्युपत्र नसेल तर दोघांचा वाटा सारखा. म्हणजे कायद्याने जे ताईचे होते, ते आम्ही दोघा भावांनी, त्यातल्या एका धर्मगुरूने, प्रेमाच्या नावाखाली काढून घेतले. बाजारात मापात पाप करणाऱ्यावर मी कितीदा बोललो होतो!

जक्कयाला येशूने परत करायला सांगितल्याचे शुभवर्तमानात कुठेही नाही. प्रभू फक्त त्याच्या घरी उतरला. हिशेब जक्कयाने आपण होऊन काढला: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला नाडले त्याला चौपट. त्याला किती जड गेले असेल हे मला आता थोडेसे कळते. मला निर्णय घ्यायला आठ महिने लागले. आधी वाटले, ताईला पैसे पाठवू. मग वाटले, तिच्या नावाने मिस्सा अर्पण करू. देवाला अर्पण करण्यासाठी मेंढरे ठेवली, असे शौलही म्हणालाच होता.

शेवटी माझ्या नावची जमीन मी ताईला लिहून दिली. दादाला ते पटले नाही. त्याने आपल्याकडचा तिचा भाग अजून दिलेला नाही, आणि तेव्हापासून तो माझ्याशी मोजकेच बोलतो. ते दुखते. त्याच्यासाठी तुम्हीही प्रार्थना करा, आणि माझ्यासाठी करा, कारण बारा वर्षांचा तांदूळ कसा परत करायचा हे मला अजून कळलेले नाही.

कागद करायला ताई पुन्हा त्याच कचेरीत आली. वकिलांनी मथळा वाचला: बक्षीसपत्र. ताईने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिले. "माझंच मला बक्षीस होय रे?" म्हणाली. मग सही केली.

येत्या शनिवारी संध्याकाळी मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसेन. येण्याआधी कपाटातले जुने कागद एकदा काढून पाहा.