आपल्याच नावाची पुडी

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जवळ आला की मुंबईतल्या ऑफिसांमध्ये मेल फिरू लागतात. किनारा स्वच्छता, सकाळी सातला, सहकुटुंब यावे, टी-शर्ट आणि नाश्ता कंपनीकडून. टिंगल करायला हा विषय फारच सोपा आहे. बॅनर, फोटो, प्लास्टिकच्याच बाटलीतलं पाणी! मला ती करावीशी वाटत नाही. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने भाग आहे, पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती त्या खर्चात दाखवता येत नाही. तरीही सुट्टी मोडून, पोरंबाळं आणि सासूबाईंना घेऊन माणसं दुसऱ्यांची घाण उचलायला येतात, हे काही कमी नाही. उचलल्याने फरकही पडतो. वर्सोव्याला ऑक्टोबर 2015 पासून वकील अफरोझ शाह यांच्यासोबत लोक शनिवार-रविवारी कचरा उपसत राहिले आणि मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली.

पण आपण उचलतो काय, तेही एकदा निरखून बघावं. पाण्याची बाटली किंवा पत्र्याचा डबा किनाऱ्यावर फार दिवस राहत नाही. भंगारात त्याला भाव असतो, त्यामुळे कचरा वेचणाऱ्या बायका तो आधीच नेतात. मागे उरतं ते कुणालाच नको असलेलं. जोड हरवलेल्या चपला, थर्माकोलचे दाणे आणि पुड्या. शाम्पूच्या, गुटख्याच्या, सॉसच्या. या पुड्यांमध्ये प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर असे घट्ट चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. वाळूत अर्धी रुतलेली पुडी ओढावी, तर पोटात वाळू भरून ती जड झालेली असते, नाहीतर फाटून निम्मीच हातात येते. रंग विटलेला असतो. नाव मात्र वाचता येतं.

दुसरीतल्या मुलांना नुकतं वाचता येऊ लागलेलं असतं आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची हौस असते. अशीच एक मुलगी गोणी फरफटत वडिलांच्या मागून चालली होती. एक पुडी उचलून ओरडली, "बाबा, हे तुमच्या ऑफिसचं!" पुडीवर आणि बाबांच्या टी-शर्टवर एकच चिन्ह होतं. बाबा म्हणाले, "हो गं. चल, तिकडे जास्त आहे."

सहकुटुंब बोलावण्याचा खरा फायदा हाच. बाबा एकटे असते तर पुडी मुकाट्याने गोणीत गेली असती, कारण शेजारी साहेब उभे. लेकीला साहेब नसतो.

1986 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासला सप्टेंबरातली ही किनारा सफाई सुरू झाली, तेव्हापासूनच सापडलेल्या वस्तूंची एकेक करून नोंद होत आली. आपल्याकडे बहुतेकदा गोण्यांचं वजन जाहीर होतं. इतके टन कचरा काढला, टाळ्या. त्या टनात नावं बुडून जातात. आणि नावं महत्त्वाची, कारण 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टनाचं प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. तिचे आकडे कुणीतरी ऑफिसात बसून भरतं, आणि पुडी केवढी, किती थरांची, हेही ऑफिसातच ठरतं. स्वस्त पुडीमुळे शाम्पू गरिबाच्या न्हाणीपर्यंत पोचला हे खरं आहे, तेव्हा तिला नुसती नावं ठेवूनही चालणार नाही. पण तिच्यात काही बदल व्हायचा तर तो किनाऱ्यावर होणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी सगळ्याच गोण्या पालिकेच्या गाडीत चढवू नयेत. आपल्या नावाच्या पुड्या वेगळ्या काढाव्यात (हे काम पोरांना द्यावं, ती चढाओढीने करतील) आणि ती गोणी सोमवारी पॅकेजिंगवाल्यांच्या बैठकीत टेबलावर ओतावी. वास मारेल. बंद एसी खोलीत तर जास्तच.